हेमराजच्या नाळेचा माड

खराटा अर्धा झाला होता. शेजारच्या सोनमती काकी आणि मी त्यांच्या मागल्या दारी बसलो होतो. पुढ्यात झावळ्यांचा ढीग, हातात सुरी. पात सोलून काढायची, हीर मोकळा करायचा, जाड एकीकडे, बारीक एकीकडे. मूठभर जमले की काकी ते पायाच्या अंगठ्याखाली दाबून सुतळीने आवळायची. शिवरात्र तोंडावर आली होती. देवळाचं अंगण झाडायला नवा खराटा दर वर्षी काकीच करते, आणि तिचा मुलगा हेमराज गेल्यापासून तो फक्त त्याच्याच माडाच्या झावळ्यांचा करते.

त्या दिवशीच्या झावळ्या मला बऱ्या दिसल्या नाहीत. वाळून गळलेली झावळी सगळी सारखी तपकिरी असते. ही शेंड्याकडून पिवळी, मग तांबूस, आणि देठाजवळ अजून हिरवीगार होती. मी म्हटलं ऊन लागलं असेल. काकी म्हणाली, असेल, यंदा ऊन लवकर आलंय.

तेवढ्यात बिसराम काका कामावरून आले. सायकल भिंतीला टेकवली, कोयता काढून कोनाड्यात ठेवला, आणि नेहमीसारखं "चहा आहे का" म्हणायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. खाली वाकून त्यांनी काकीच्या मांडीवरची झावळी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"ही कुठली?"

"आपलीच," काकी म्हणाली. "हेमराजची. पहाटे दोन पडल्या."

काकांनी वर पाहिलं. परसात कोपऱ्यावर तो माड उभा होता, घराच्या दुप्पट उंच. खालच्या दोन-तीन झावळ्या मधूनच मोडून खोडाला लोंबकळत होत्या. काकांनी हातातली झावळी जपून ढिगावर ठेवली, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी, आणि चहा न घेता पंपावर पाय धुवायला गेले. काकी म्हणाली, दमलेत आज. मी मान हलवली. पण पुढचा हीर सोलताना माझा हात चालेना. काका कुठल्याही झावळीकडे तसे पाहतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे बेटाच्या टोकावरच्या आमच्या इकाकोस गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

काकांचं कामच ते. नारळाच्या इस्टेटीतले रोगी माड हुडकायचे. दर सोमवारी समुद्राकडून सुरुवात करायची आणि एकेक रांग बघत दलदलीपर्यंत जायचं. खांद्याला गिरमीट, हातात लाल रंगाचा डबा. संशय आला की छातीच्या उंचीवर गिरमिटाने भोक पाडायचं आणि भुसा तळहातावर घेऊन बघायचा. पांढरा आला तर भोकात डांबर भरून पुढे. लाल आला तर खोडावर फुली. फुली पडली की तो माड गेला.

रोग आणतो काळा सोंड्या. अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा, पुढे वाकडी सोंड. त्याला माडाच्या ओल्या जखमेचा वास मैलावरून लागतो. गवत काढताना चुकून बसलेला कोयता असो की ताजी कापलेली झावळी असो, तो तिथेच येतो, भोक पाडतो, अंडी घालतो, आणि त्याच्या अंगातून दोऱ्याहून बारीक जंत खोडात उतरतात. मग माड आतून जातो. आडवा कापला तर बुंध्यात विटकरी रंगाचं गोल कडं दिसतं, म्हणून आम्ही त्या दुखण्याला लाल कडंच म्हणतो. त्याला औषध नाही. रोगी माड उभा राहिला तर अळ्या त्याच्या पोटात पोसतात, भुंगे होऊन बाहेर पडतात, आणि तेच जंत घेऊन शेजारच्या माडावर जाऊन बसतात. म्हणून तोडायचा, तुकडे करायचे, फोडायचे, जाळायचे. बुंधासुद्धा ठेवायचा नाही. उसाचे तुकडे आणि भुंग्याला ओढणाऱ्या वासाची पुडी घातलेल्या बादल्या रांगेरांगेत टांगायच्या, त्यात पडलेले भुंगे मोजून मारायचे. आणि माडाला जखम म्हणून करायची नाही. केलीच तर त्याच घटकेला डांबर.

हे सगळं काकांना त्यांच्या बापाने शिकवलं. काका लहान असताना इस्टेटीच्या एका साहेबाने रोगी माड तोडायला नकार दिला होता. लागलेले नारळ उतरून होऊ देत, मग बघू, म्हणाला. नारळ उतरेपर्यंत अख्खी रांग पिवळी पडली, मग पलीकडची. काकांचा बाप वर्षभर नुसती कुऱ्हाडच चालवत होता. काका सांगायचे, आमच्या बराकीत त्या वर्षी सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा, आईच्या पदरालासुद्धा.

म्हणून काका कुणाला दयामाया दाखवत नसत. इस्टेटीबाहेरचे छोटे बागवालेही त्यांनाच बोलवत, बोलवत आणि घाबरत. कुंपणाशेजारचा लिऑन तर त्यांना येताना बघून ओरडायचा, "आला, यमाचा मुनीम आला." लिऑन गिरजाघरात जाणारा माणूस, पण यम आणि मुनीम दोन्ही त्याला काकांनीच शिकवले, शाळेच्या एकाच बाकावर बसून. त्याच्या तीन ऐन लागत्या माडांवर काकांनी फुल्या मारल्या तेव्हा लिऑनने आईबापांवरून शिव्या दिल्या. काकांनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाले, शिव्या दे, पण कुऱ्हाडही दे. रात्र उलटायच्या आत तिन्ही माड आडवे. नाताळपर्यंत लिऑन बोलला नाही. नाताळला जिंजर बिअरची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, उरलेले सगळे उभे आहेत रे, मेल्या.

हेमराज जन्मला तेव्हा काकी फार आजारी होती. मूलही वाचेल की नाही अशी वेळ. सुईणीने नाळ केळीच्या पानात गुंडाळून दिली. काकांनी इस्टेटीतलं सगळ्यात निरोगी रोप निवडून आणलं, परसाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, आधी नाळ ठेवली, मग रोप. आमच्याकडे असंच करतात, हिंदू असो की लिऑनसारखा. त्या झाडाचं पहिलं शहाळं त्या मुलाचं. मूल परगावी गेलं तर आई झाडाला पाणी घालते. कुणाचं मूल शिकायला गेलं, कुणाचं कॅनडात गेलं, त्यांच्या आया झाडाशीच बोलतात. त्यात वेडेपणा आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

हेमराजला माडांचा कंटाळा. बाप रोगी माड शोधतो आणि पोरगा समुद्राकडे तोंड करून बसतो, असं लिऑन चिडवायचा. अठरा पुरी व्हायच्या आत त्याने दुसऱ्याच्या होडीवर जायला सुरुवात केली. काकांना ते आवडलं नव्हतं, पण बोलले नाहीत. मला एकदा म्हणाले, बेटी, माडाला जमिनीत पुरता येतं, पोराला कसं पुरायचं? बोलून गेले आणि जीभ चावली.

किंगफिशच्या हंगामात एका पहाटे होडी गेली ती आली नाही. हेमराज आणि होडीचा मालक, दोघंही. खाडीच्या मुखाशी प्रवाह कसा असतो ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. शोधायला सगळ्या होड्या गेल्या. पेट्रोलचा एक डबा मिळाला, तोही त्यांचाच होता की नाही कुणाला सांगता आलं नाही. कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या देशाच्या किनाऱ्यावर पकडून ठेवलं असेल, अशी माणसं वर्षा-दोन वर्षांनी परत आलेली आहेत. आलेली आहेत हेही खरं. काकीने तेवढंच धरून ठेवलं.

पंडितजींनी पहिलं वर्ष सरल्यावर काकांना बाजूला घेऊन सांगितलं. देह मिळाला नाही तर कुश गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. बापाने मुंडण करायचं, दहावं-तेरावं करायचं, म्हणजे जीव अडकून राहत नाही. काकांनी ते घरी सांगितलं. मी तिथेच होते, तांदूळ निवडत होते. काकी रागावली नाही. खिडकीतून बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते बघा. नवा कोंब काढलाय त्याने. पोरगा मेला असता तर झाडाने कोंब काढला असता?"

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जन्मभर माड मेला की जिवंत हे त्यांनीच ठरवलं होतं. कोंब खरोखरच हिरवा होता.

गेल्या दिवाळीनंतर देवळात नऊ दिवसांचा रामायण यज्ञ झाला. काकीने नवस केला होता. वनवासातला राम परत आला तसा माझाही येऊ दे, आणि मंडपाला त्याच्याच माडाच्या झावळ्या बांधीन. मंडपाला वाळक्या झावळ्या चालत नाहीत. हिरव्या लागतात, म्हणजे कापायला लागतात.

काका म्हणाले, हिरवी झावळी कापायची नाही. काकी म्हणाली, लग्नाच्या मांडवाला सगळं गाव कापतं. काका म्हणाले, मी कापू देत नाही, आणि कापलीच तर मी मागून डांबर घेऊन फिरतो, तुला माहीत आहे. हे सगळं इथवर नेहमीच्या नवराबायकोच्या बोलण्यासारखंच चाललं होतं. मग काकी म्हणाली, "त्याचा मांडव मला कुठे घालायला मिळाला?"

काका उठले आणि माडावर चढले. वयाने चढवत नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला चढू दिलं नाही. सहा चांगल्या झावळ्या उतरवल्या. खाली येऊन डांबराचा डबा घेऊन परत निघाले तर काकी माडाला पाठ लावून उभी. यज्ञाच्या दिवसांत माझ्या मुलाच्या झाडाला काळं फासू नका, एवढंच ती म्हणाली. काका डबा हातात घेऊन उभे राहिले. वर ताज्या कापांतून रस गळत होता. मग त्यांनी झाकण लावलं.

मंडप सुंदर दिसला. इतका गार, इतका हिरवा मंडप आमच्या देवळाला कधी लाभला नव्हता. काकी रोज पहिल्या ओळीत बसायची आणि चौपाई म्हणताना वर झावळ्यांकडे बघायची. यज्ञ संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी चढून सगळ्या कापांना डांबर लावलं. पण नऊ दिवस त्या जखमा उघड्या होत्या. भुंग्याला एक संध्याकाळ पुरते.

शिवरात्रीच्या त्या खराट्यानंतर मी काकांना बघत होते. माझ्या आणि त्यांच्या परसात नुसतं जास्वंदीचं कुंपण. पहाटे मी देवाची फुलं काढायला जायचे तेव्हा काका आधीच उठलेले असायचे. रात्री गळलेले कोवळे नारळ गोणीत भरून दलदलीकडे घेऊन जायचे, काकी उठायच्या आत. एकदा पाहिलं तर शिडी लावून मोडक्या झावळ्या वर उचलून तारेने खोडाला बांधत होते. खालून कुणी बघितलं तर माड जरा झुकल्यासारखा वाटेल, मेल्यासारखा नाही. माझ्याकडे नजर गेली. तार पिळत राहिले. मी फुलं घेऊन आत आले. त्या दिवशी पाठ वाचताना ओळी दिसत होत्या, अर्थ लागत नव्हता.

माडाखाली त्यांनी दोन बादल्या टांगल्या होत्या. काकीला सांगितलं, इस्टेटीच्या आहेत, इथे ठेवायला दिल्यात. बादल्यांत भुंगे पडायचे, काका टाचेखाली चिरडायचे. जणू बादल्या पुरतील.

लिऑनला कळायचं थोडंच राहणार होतं? एका दुपारी मी कुंपणाशी भाजी खुडत होते. काकांच्या परसापलीकडे लिऑन त्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि त्याने काकांना हाक मारली.

"बिसराम, माडाला तारेचा गजरा माळलायस का रे? देवी म्हणून बसवायचाय?"

काका बादलीतले भुंगे खाली ओतत राहिले.

"माझ्या तीन माडांना तू किती वेळ दिला होतास?"

"एक रात्र," काका म्हणाले.

"एक रात्र. माझी बायको पदर पसरत होती, तरी एक रात्र. बरोबरच केलंस. आज मी म्हणतो, बरोबर केलंस." लिऑनचा आवाज खाली आला. "मग आता?"

"होळीचा फगवा होऊ दे, लिऑन. ती दर फगव्याला त्याला अबीर लावते. एवढा फगवा तिला मिळू दे."

"भुंगा फगवा पाळत नाही, कंपे." जिवलग दोस्ताला लिऑन कंपे म्हणतो.

"माहीत आहे."

"माझ्या मारिसाचा माड कुंपणाला लागून आहे."

"तेही माहीत आहे," काका म्हणाले.

मारिसा लिऑनची नात, सहा वर्षांची. तिच्या नाळेचा माड तिच्याच वयाचा, नुकताच फुलोऱ्यावर आलेला. भुंग्याला तसाच माड सगळ्यात गोड लागतो. लिऑन थोडा वेळ उभा राहिला. त्याने कुणाला सांगितलं नाही, इस्टेटीतही नाही. जाताना एवढंच म्हणाला की मी फगव्यापर्यंत डोळे मिटून बसतो, पुढचं तू बघ. मैत्री म्हणून त्याने ते केलं. खरं तर लिऑनने रागवायला हवं होतं, हट्ट करून तोडायला लावणारा माणूस हवा होता त्यांना. तसा कुणी मिळाला नाही.

फगव्याच्या सकाळी होळीची चौताल गाणी म्हणणारे अजून आमच्या गल्लीत यायचे होते. काकी पितळेच्या वाटीत लाल अबीर घेऊन माडाजवळ गेली. बोटं खोडाला टेकवली आणि तशीच थांबली. जवळून तार दिसली असणार. मग तिने वर पाहिलं, नीट, पहिल्यांदाच. तोवर मधल्या सगळ्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि शेंड्याचा नवा कोंब, ज्याच्यावर तिने एवढे दिवस काढले, तो कडेला वाळून वाकला होता.

"ही तार कुणी बांधली?"

काका पायरीवर बसले होते. उठले, आतून गिरमीट घेऊन आले, आणि खोडाला भोक पाडलं. जितका वेळ लागला तितका वेळ काकी वाटी धरून उभी. भुसा काकांच्या तळहातावर पडला. विटकरी. त्यांनी हात तिच्यापुढे धरला. तिच्या वाटीतल्या रंगाकडे आणि त्या भुशाकडे मला बघवेना.

"मी कापायला लावल्या तिथून?" काकीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मुळातून आला. जुन्या माडाला येतो कधीकधी मुळातून."

मुळातून येतो, हे खोटं नाही. क्वचित येतो. पण ह्या माडाला कुठून आला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही. वरच्या डांबराच्या ठिपक्यांशेजारी भुंग्याची भोकं खालून दिसत होती. माझे हे म्हणतात, काका रोगाच्या बाबतीत आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. ह्यांना मी काही सांगितलं नाही. त्या खोट्याचं पाप-पुण्य रामाने कुठल्या बाजूला धरलं असेल ते तोच जाणे.

काकीने वाटी पायरीवर ठेवली. चौतालाचा ढोल कोपऱ्यावर वाजायला लागला होता. मग म्हणाली, "मग तुम्ही तोडा. दुसऱ्याची कुऱ्हाड नको."

दुसऱ्या दिवशी तोडला. लिऑन दोर धरायला आला होता, माझे हेही होते. माड कोसळला तेव्हा जमीन हादरली आणि भांडी मांडणीवर वाजली. बुंधा आडवा कापल्यावर कडं दिसलं, पोळपाटाएवढं, लाल विळख्यासारखं. वरचा भाग फोडला तर आत अळ्या, पांढऱ्या, लठ्ठ, सुरकुतलेल्या, आणि माडाच्याच धाग्यांनी विणलेले कोष. काका गुडघ्यावर बसून एकेक कोष हातात घेऊन फोडत होते. पुष्कळसे आधीच फुटलेले, रिकामे होते. ते त्यांनी एका बाजूला ठेवले. लिऑनने ते बघितले आणि काकांनी त्याला बघताना बघितलं.

माडाचं ओलं लाकूड लवकर पेटत नाही. सोडणं आणि रॉकेल घालून घालून पेटवावं लागलं, आणि पेटल्यावरही नुसतं धुमसत राहिलं. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या आजीने काकीच्या कानाशी लागून हळूच विचारलं, तूप-तीळ आणू का गं, पंडितजींना निरोप देऊ का? आजीचा हेतू चांगलाच होता. सगळ्यांच्याच मनात ते होतं.

काकी म्हणाली, "लाकूड आहे हे, आजी. माझा मुलगा जिवंत आहे."

धूर घरात शिरत होता तरी काकी आत जाऊन भाकऱ्या भाजत राहिली, आणि सगळ्यांना वाढल्या, लिऑनलाही. माती भरून बुंध्याची जागा सपाट केली. हनुमानाच्या पूजेच्या, बांबूवर लावलेल्या लाल झेंड्या त्या कोपऱ्यापाशीच असतात. त्यांच्या मागे आता सरळ समुद्र दिसायला लागला. काकी तिकडे तोंड करून पाणी तापवायला बसायची, सकाळ संध्याकाळ.

काका कामावर जात होते. पण इस्टेटीतले लोक सांगायचे, आता प्रत्येक माडापाशी दुप्पट वेळ थांबतात, फुली मारतात आणि परत वळून बघून येतात. लिऑनच्या कुंपणाकडच्या बादल्या ते रोज रिकाम्या करत. जेवायला बसले की पुढ्यातलं ताट थंड व्हायचं.

ईस्टर होऊन गेल्यावर लिऑनच्या सुनेने मला हाक मारली आणि म्हणाली, काकांना जरा पाठव. काका गेले. मी मागोमाग गेले नाही, कुंपणाशीच राहिले. मारिसाच्या माडाची खालची झावळी शेंड्याकडून पिवळी झाली होती. काकांनी गिरमीट लावलं नाही. त्याची गरजच नव्हती. डबा उघडला आणि ब्रश बुडवला. लिऑनने डबा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः धरून उभा राहिला. फुली मारून झाली. लिऑनने ना चिडवलं, ना शिवी दिली. मला वाटतं काकांना त्या दिवशी शिवीची फार गरज होती.

संध्याकाळी काकी हलव्याची वाटी घेऊन लिऑनकडे गेली. रामनवमीचा प्रसाद राहिला होता म्हणाली. फुली तिला तिथे दिसली. ती त्या लहान माडासमोर उभी राहिली, मी कुंपणातून बघत होते. हात लावला नाही. वाटी सुनेच्या हातात देऊन घरी आली, देवापाशी दिवा लावला, आणि काकांसमोर येऊन बसली. मी उठून जायला लागले तर म्हणाली, बस.

"तो भुंगा आपल्या माडातला?"

काकांनी या वेळी वर पाहिलं. "हो."

"मी धरून बसले म्हणून?"

"तू कुठे धरलं होतंस. तुला माहीतच नव्हतं. मी थांबलो म्हणून."

"का थांबलात?"

काका म्हणाले, "तू त्याच्यावर जगत होतीस."

काकीने डोळ्यांना पदर लावला नाही. दिव्याची वात थोडी वर सारली. बाहेर लिऑनच्या अंगणात कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले होते. लहान माडाला फारसे लागत नाहीत. घाव थांबल्यावर काकी म्हणाली, सहा वर्षांच्या पोरीचं झाड गेलं, तिला उद्या काय सांगतील? मग अगदी साध्या आवाजात, बाजाराची यादी सांगावी तशी, तिने काकांना सांगितलं की पंडितजींना निरोप द्या, गवताचा पुतळा करायला सांगा. त्याला अजून किती दिवस ठेवायचं असं उभं.

काकांनी हो म्हटलं. काकीने हात लांब करून त्यांच्या डोक्यावरचे पिकलेले केस मागे सारले, एकदाच, आणि उठून भाताला आधण ठेवायला गेली.

उद्या सकाळी काका मुंडणासाठी न्हाव्याला सांगायला बोनास गावी जाणार आहेत.